चाळीस रिमोट आणि एक हुंकार

कीर्तनात श्रोता झोपला तर बुवांना ते लगेच दिसतं. आधी मान पडते, मग टोपी घसरते, आणि शेवटी शेजारचा कोपर मारतो. वर्गात तशी सोय नाही. वर्गात झोप लागते ती डोळे उघडे ठेवून, पाठ ताठ ठेवून आणि वही उघडी ठेवून. "समजलं का?" असं विचारलं की त्या झोपेतूनच चाळीस गळ्यांतून एकाच सुरात "हो सर" असं उत्तर येतं. तो सूर इतका गोड असतो की खरंच समजलं असेल असं कुणालाही वाटावं.

डॉक्टर सुहास उतेकरांना तसं बावीस वर्षं वाटत होतं.

महाडहून पोलादपूरला जाताना लागणाऱ्या नर्सिंगच्या संस्थेत ते शरीररचना आणि प्रथमोपचार शिकवत. सकाळी स्वतःचा छोटा दवाखाना, दुपारी वर्ग, आणि पंचक्रोशीत कुठंही कीर्तन असलं की रात्री सतरंजीवर पहिली रांग. त्यांनी मोजून तीन गोष्टींना जीव लावला होता: पत्नी सरिता, कीर्तन आणि आपलं शिकवणं. यांपैकी शिकवण्याबद्दल कुणी कधी तक्रार केली नव्हती. आता, तक्रार नसणं म्हणजे सगळं उत्तम असणं, असा समज नवऱ्यांचा आणि मास्तरांचा सारखाच असतो.

हा समज मोडला त्यांच्या भाच्याने. अनिल मुंबईला एका वैद्यकीय महाविद्यालयात प्रयोगशाळेत कामाला होता. तिथे जुनी यंत्रं काढून टाकत होते, त्यात चाळीस हस्तयंत्रांचं एक खोकं निघालं. अनिलने फोन केला.

"मामा, मस्त चीज आहे. प्रत्येक स्टुडंटच्या हातात एक द्यायचं. तुम्ही पडद्यावर प्रश्न टाकायचा, त्यांनी बटण दाबायचं. अ, ब, क, ड, इ. लगेच पडद्यावर खांब उभे राहतात, कुठल्या उत्तराला किती जण. कोणी काय दाबलं ते कुणाला कळत नाय. इकडं सगळे मोबाईलवर गेले, म्हणून फेकतायत."

डॉक्टरांच्या अंगावर काटाच आला. कीर्तनात श्रोत्याने 'हूं' म्हणून हुंकार भरायचा असतो, तसा हा बटणाचा हुंकार! तोही खोटा सूर न लावता! त्यांनी "पाठव" म्हटलं आणि मग, जसं मोठ्या माणसांचं होतं तसं, विचार करायला बसले.

शेजारचे श्रीपतराव एस.टी.तून कंट्रोलर म्हणून निवृत्त झाले होते आणि सल्ला देण्यातून अजून व्हायचे होते. खोकं आलं तेव्हा ते फाटकाशीच उभे होते.

"मोबाईलवरच घ्या की, डॉक्टर."

"वर्गात मोबाईल दिसला तर अनुपमा मॅडम जप्त करतात. शिवाय आमच्याकडं रेंज खिडकीत उभं राहिल्याशिवाय येत नाही."

"मग चाळीस जणी खिडकीत उभ्या करा." श्रीपतरावांनी खोक्यातलं एक यंत्र उचललं, तळहातावर आपटलं आणि कानाशी धरलं. "सेल उतरले तर टाकू नका. दाताखाली धरायचे. पुन्हा महिनाभर चालतात."

खरी अडचण कचेरीत होती. अनुपमा मॅडम म्हणजे संस्थेच्या प्राचार्या. त्या शिस्तीच्या, हसायच्या पण वर्षाच्या ठरलेल्या दिवशी. त्या म्हणाल्या, "घ्या, पण रीतसर घ्या. आणि दसऱ्यानंतर तपासणी समिती येतेय. तिच्यासमोर उपयोग दिसला पाहिजे. नाहीतर खोकं परत मुंबईला."

'रीतसर' म्हणजे अश्वजित. चवदार तळ्याच्या मागल्या आळीत राहणारा हा हेडक्लार्क संस्थेतला सगळ्यात हुशार माणूस होता, आणि हे त्याला सोडून सगळ्यांना माहीत होतं. डॉक्टरांनी अर्जात सुरेख अक्षरात लिहिलं: 'श्रोता-प्रतिसाद यंत्रे, नग चाळीस.' अर्ज संस्थेच्या मुख्य कार्यालयातून परत आला. शेरा: 'श्रोते म्हणजे कोण? संस्थेत विद्यार्थिनी आहेत.' डॉक्टरांनी दुरुस्ती केली: 'विद्यार्थिनी-प्रतिसाद यंत्रे.' तोही परत आला. 'यंत्राचा प्रकार कळवावा.'

"सर, मी लिहू का?" अश्वजित म्हणाला आणि एकाच शब्दात काम संपवलं: 'रिमोट.'

आठ दिवसांनी विचारणा आली: 'चाळीस रिमोटसाठी टीव्ही किती?' अश्वजितने कळवलं की टीव्ही एकही नाही, रिमोट विद्यार्थिनींसाठी आहेत. त्यावर आलेलं पत्र संस्थेच्या इतिहासात जपून ठेवण्यासारखं आहे: 'विद्यार्थिनी रिमोटने चालवण्याचे प्रयोजन काय?'

"प्रयोजन लिहा, सर," अश्वजित अजिबात न हसता म्हणाला. "तोंडाने चालवून बघितल्या, चालल्या नाहीत, असं लिहू?"

डॉक्टरांच्या स्वाभिमानाला ही पहिली टाचणी. पुढं सुया होत्या.

मंजुरी आली आणि पहिला प्रयोग झाला. डॉक्टरांनी मुद्दाम सोपा प्रश्न घेतला. मागच्याच आठवड्यात शिकवलेला, सगळ्यांनी गोड सुरात "हो सर" म्हटलेला. साप चावल्यावर प्रथम काय कराल? अ, वर घट्ट दोरी बांधू. ब, चिरा देऊन रक्त काढू. क, भगताकडे नेऊ. ड, धीर देऊ, पाय हलू न देता लगेच सरकारी दवाखान्यात नेऊ. इ, माहीत नाही.

कुणीच बटण दाबेना. चाळीस जणी यंत्र हातात धरून सरांच्या तोंडाकडं बघत बसल्या. बरोबर उत्तर म्हणताना सरांची भुवई वर जाते, हे दुसऱ्या वर्षाकडून पहिल्या वर्षाला वारसाहक्काने मिळत आलेलं ज्ञान होतं.

"माझ्याकडे बघू नका गं! कुणी काय दाबलं ते मलाही कळणार नाही," असं म्हणून डॉक्टर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मग मागून टक टक टक असे आवाज आले. ते वळले. पडद्यावर खांब उभे होते.

दोरी बावीस. चिरा सात. भगत तीन. दवाखाना आठ.

शिपाई येसाजीमामा दाराशी स्टुलावर बसून बघत होते. ते कुडपणचे. "सायेब, कंचा खांब आपला?" त्यांनी विचारलं.

डॉक्टरांनी बोटाने दाखवला.

"बारकासा हाय," मामा म्हणाले.

त्या दिवशी डॉक्टरांना जेवण गेलं नाही. राग यायला कुणी समोर नव्हतं, हे तर त्याहून वाईट. ह्या पोरी वर्षभरात डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवर जाणार. कातळावर, भातखाचरांत, गवतात. तिथं साप चावला तर माणसं डॉक्टर उतेकरांना फोन करणार नाहीत, ह्या पोरींच्या दारात धावणार. आणि त्यांतल्या बावीस जणी दोरी शोधणार. मग बावीस वर्षांत किती जणींनी दोरी शोधली असेल?

"चाळीस पोरींनी एकदाचं खरं सांगितलं, त्याचा राग येतोय?" सरिताने ताट उचलत विचारलं. "नशीब समजा, मला तुम्ही कधी बटण दिलं नाहीत."

शेवटी त्यांनी धाव घेतली ती उमरठला, चंदूबुवांकडे. नवरात्रातलं कीर्तन होतं. बुवांचा आवाज असा की पेटी मागं राहावी. कीर्तन झाल्यावर, कपाळाला बुक्का, हातावर खोबऱ्याचा तुकडा, अशा अवस्थेत डॉक्टरांनी सगळी हकिगत सांगितली. बुवा मोठ्याने हसले.

"अहो डॉक्टर, मान डोलते ती चालीला. अर्थाला डोलते की नाही, हे कसं कळायचं? मी काय करतो? आख्यान ऐन रंगात आलं की थांबतो. मांडीवर हात ठेवून गप्प. मग बायाच सांगतात, पुढं काय झालं ते. चुकीचं सांगतात, भांडतात, पण सांगतात. तुम्ही कधी थांबता का?"

डॉक्टर बावीस वर्षांत कधी थांबले नव्हते. तास संपल्याची घंटासुद्धा त्यांना थांबवत नसे.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी तऱ्हाच बदलली. एक माणूस रानात गवत कापतोय, असं आख्यान लावायचं, साप चावेपर्यंत न्यायचं आणि गप्प बसायचं. दाबा बटण! खांब बघून पुढं जायचं. दोरी का नको, चिरा का नको, ते त्या माणसाच्या पायावरच दाखवायचं. चौथ्या दिवशी दवाखान्याचा खांब छत्तीसवर गेला. भगताचा एक उरला होता. तोंडातून मात्र अजून कुणी शब्द काढत नव्हतं. विशेषतः कुडपणची श्रुतिका. शेवटच्या बाकावर बसायची आणि हजेरीच्या 'हजर'पलीकडे तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. "आमच्या गावची पोर," येसाजीमामा सांगायचे, "बोलत नाय, पन बघती लय."

डॉक्टरांचं मन भरून आलं. यंत्राने त्यांचं खरं रूप त्यांना दाखवलं होतं. असे उपकार माणसंसुद्धा करत नाहीत. आणि उपकाराची फेड करायला खंडेनवमी तोंडावर होती!

खंडेनवमीला संस्थेत सगळ्या साधनांची पूजा होई. रक्तदाबाची यंत्रं, वजनकाटे, कोपऱ्यातला हाडांचा सापळा, सगळं पुसून झेंडूच्या माळा घालत. येसाजीमामांना दरवर्षी एक प्रश्न पडे, तो त्यांनी यंदा विचारलाच.

"सायेब, ह्या गनपतरावाला कुकू लावायचं का गंध? बुवा हाय का बाई?"

डॉक्टरांनी सापळ्याच्या कमरेच्या हाडाकडं बघितलं. "बाई आहे, मामा."

"आगं माझ्या कर्मा! आनि मी नऊ वरसं तिला गनपत म्हनतोय!" मामांनी सापळ्याला हात जोडून माफी मागितली आणि ठसठशीत कुंकू लावलं.

चाळीस यंत्रांची पूजा मात्र डॉक्टरांनी कुणाला करू दिली नाही. पाटावर लाल कापड, त्यावर यंत्रं ओळीने. सरिताने वाटीभर पंचामृत दिलं होतं. कुंकू भिजवायला पाणी आणायला उठायचं म्हणजे भक्तीत खंड. त्यांनी ते पंचामृतातच कालवलं. दूध, दही, तूप, मध आणि हात सैल सोडून घातलेली साखर. मग प्रत्येक यंत्राला, देवाला लावतात तसा अगदी मधोमध, अंगठा दाबून टिळा लावला. चाळीसच्या चाळीस.

अश्वजित दारात उभा राहून बघत होता. "सर, ह्यांना टिळा लावायचा की सेल घालायचे, ते एकदा ठरवून घ्या."

"तुला नाही कळायचं रे. कृतज्ञता आहे ही."

"कृतज्ञता कोरडी नसते का?" एवढंच म्हणून त्याने यंत्रं खोक्यात भरली, खोकं कपाटात ठेवलं, कुलूप लावलं आणि चावी खिशात घालून दीक्षाभूमीला नागपूरला गेला. दसरा गुरुवारी, तपासणी सोमवारी. पोरी सुट्टीला आपापल्या गावी. चार दिवस ते खोकं बंद कपाटात, आश्विनातल्या उकाड्यात, शांतपणे मुरत पडलं.

सोमवार उजाडला. समितीत एक चष्म्याचे साहेब होते आणि दर्शना मॅडम म्हणून एक बाई. साहेब भिंतीवरचे तक्तेसुद्धा असे बघत होते की तक्त्यांनी सरळ उभं राहावं. श्रुतिका सगळ्यांत शेवटी धापा टाकत आली. डोळे तारवटलेले, ओढणी चुरगळलेली, एस.टी.तून थेट. डॉक्टरांना विचारायला सवड नव्हती. अश्वजितने कपाट उघडलं, मामांनी यंत्रं वाटली.

"मामा, हे चिकट लागतंय," एक पोर कुजबुजली.

"परसाद हाय तो. गप बस."

पहिला प्रश्न: हृदयाला कप्पे किती? उत्तर चार, म्हणजे क. टक टक टक. पडद्यावर क-चा खांब सरळ छताला भिडला. चाळीसपैकी चाळीस!

साहेबांचा चष्मा खाली आला. "शंभर टक्के?" दर्शना मॅडमनी टाळ्या वाजवल्या. अनुपमा मॅडम ठरलेला दिवस नसताना हसल्या. डॉक्टरांनी मनातल्या मनात चंदूबुवांना दंडवत घातलं आणि मोठ्या दिमाखात दुसरा प्रश्न पडद्यावर घेतला. साप चावल्यावर प्रथम काय कराल?

त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. टक टक टक. मागं एकदम इतकी शांतता पसरली की त्यांनी आनंदाने डोळे मिटले. मग ते वळले.

दोरी शून्य. चिरा शून्य. दवाखाना शून्य. भगत चाळीस.

"डॉक्टर," साहेब सावकाश म्हणाले, "आपण इथं बावीस वर्षं शिकवताय ना?"

डॉक्टरांच्या डोळ्यांपुढं चाळीस वाड्यावस्त्या आल्या, आणि प्रत्येक वस्तीतून एकेक पेशंट भगताच्या अंगणाकडं निघालेला. इतके दिवस सगळं आपण भिंतीलाच सांगत होतो. खोकं मुंबईला गेलं तर गेलं. पण मग उरलं काय? ते मागं सरकले आणि मामांच्या स्टुलावर बसले.

साहेबांनी पेन उघडलं. "शंभर टक्के विद्यार्थिनी भगताकडे..."

"मी क नाय दाबलं!"

आवाज मागून आला. आधी कुणाचा ते कुणालाच कळेना, कारण तो कुणी कधी ऐकलाच नव्हता. श्रुतिका उभी होती. हातातलं यंत्र तिने दगडासारखं धरलं होतं.

"ह्ये यंत्र खोटं बोलतंय, सर. मी ड दाबलंय. मी भगत दाबीन व्हय? आता दवाखान्यातनं येतेय मी!"

"बस खाली," अनुपमा मॅडम म्हणाल्या.

"बोलू दे," दर्शना मॅडम म्हणाल्या.

आणि ती बोलली. एक वर्ष साठवलेलं सगळं एकदम. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, खाचराच्या बांधावर, तिच्या आजीला, रखमाआजीला साप चावला. माणसं जमली. कुणी दोरी आणली, कुणी भगताला आणला. "मी म्हटलं, जो दोरी बांधील त्याचा हात मोडीन. सगळे गपकन थांबले, सर. मलाच भ्या वाटलं. आजीला म्हटलं, घाबरू नको गो, आमच्या सरांच्या गोष्टीतला बाबा वाचलाय. फळी लावून पाय बांधला, हलू दिला नाय. रस्त्यापर्यंत डोली करायची, तर मानूस एक कमी. मग भगताला म्हटलं, बाबा, मंतर म्हन, पन डोली धरून चालता चालता म्हन. त्यानं धरली. जीप मिळेपर्यंत म्हनत होता. पोलादपूरला दवाखान्यात इंजेक्शनं दिली. आज आजीनं पेज खाल्ली आनि मला म्हनाली, जा, तुजी परीक्षा हाय." तिने यंत्र बाकावर ठेवलं. "आनि ह्ये म्हनतंय मी भगत दाबला!"

मग बांध फुटला. "मी पण ड दाबलेलं, साहेब!" "मी पण!" "माझं सात नंबरचं, कुठलंही दाबा, क-च!" एक पोर तर तावातावाने उभी राहिली, "मी अ दाबलं होतं, चुकलं माझं, पण भगत नाही म्हणजे नाही!" लगेच तिच्या शेजारणीने दोरी का बांधायची नाही ते तिला तिथंच ऐकवलं, तिसरीने शेजारणीची चूक काढली, आणि साहेबांनी एक प्रश्न विचारला तर नऊ उत्तरं आली. बुवांनी मांडीवर हात ठेवावा आणि सगळ्या मंडपाने आख्यान हाती घ्यावं, तसं झालं. घंटा झाली, कुणी उठलं नाही. स्टुलावर डॉक्टर उतेकर नुसते बसून होते, आणि मामांनी त्यांना आपला रुमाल दिला.

तोवर अश्वजितने खिशातला स्क्रू-ड्रायव्हर काढून एक यंत्र उघडलं होतं. मधलं बटण, म्हणजे क, साखर-कुंकवाच्या लाल पाकात खोल रुतून बसलं होतं.

"सर," तो हळूच म्हणाला, "आत मुंग्याही आहेत. त्याही क-वरच."

डॉक्टरांनी उभं राहून समितीपुढं सगळा गुन्हा कबूल केला, पंचामृतासकट. साहेबांनी चष्मा पुसला, पुष्कळ वेळ पुसला, आणि मग शेरा लिहिला: 'यंत्रे नादुरुस्त. विद्यार्थिनी उत्तम.' जाताना त्यांनी विचारलं, "त्या भगताचं नाव काय हो? सत्कार करायला हवा."

खोकं मुंबईला गेलं नाही. अश्वजितने आठ दिवस खपून एकतीस यंत्रं धुऊन-पुसून चालू केली. नऊ मात्र मुंग्यांना गेली. श्रीपतरावांनी ती दाताखाली धरून बघायला सांगितलं. चंदूबुवांनी ही हकिगत कीर्तनात घेतली आहे, असं ऐकतो. त्यात डॉक्टरांची भक्ती मोठी आणि अक्कल बेताची दाखवली आहे, आणि डॉक्टरांची त्याला हरकत नाही. पुढच्या रविवारी ते कुडपणला जाऊन रखमाआजीच्या पाया पडून आले. आजीने त्यांना ओळखलं नाही, पण "तू गोष्टीवाला डाक्टर का रे?" असं विचारून नाचणीची भाकरी वाढली.

पण सगळ्यांत मोठं देणं मिळालं ते तपासणीच्या दुसऱ्याच दिवशी, अश्वजितच्या टेबलावर यंत्रं उघडी पडलेली असताना. डॉक्टर फळ्यावर मूत्रपिंड काढून सवयीप्रमाणे वळले आणि सवयीप्रमाणे विचारलं, "समजलं का?"

"हो सर," तोच जुना गोड सूर आला.

आणि त्या सुराच्या शेपटाला, शेवटच्या बाकावरून, स्वच्छ आवाजात:

"नाय सर. मला नाय समजलं."

डॉक्टरांनी खडू खाली ठेवला आणि आरतीला जोडतात तसे हात जोडले.